बंदूक, नातवंडे आणि दोन किल्ल्या

आजोबांनी नातवंडांना काय शिकवावे याची एक ठराविक यादी आपल्याकडे चालत आली आहे. रामरक्षा, पाढे, बुद्धिबळ, विहिरीत पोहणे आणि आजोबा फारच हौशी असले तर थोडी पेटी. माझ्या यादीत आणखी एक विषय आहे. तो ऐकला की पाहुणेमंडळी हातातला चहाचा कप हळूच खाली ठेवतात. मी माझ्या नातवंडांना बंदूक चालवायला शिकवतो. आधी मुलांना शिकवली, आता त्यांच्या मुलांना शिकवतो आहे. आणि ही शाळा आमच्या घराच्या परसात भरते.

घाबरू नका, बंदूक छर्र्याची आहे. पण असे म्हणताना मला नेहमी थोडे थांबावेसे वाटते. कारण ‘काय, छर्र्याचीच तर आहे!’ असे म्हणून जे घर निर्धास्त होते, त्या घरात ही बंदूक असू नये असे माझे स्पष्ट मत आहे. थोडी भीती हवीच. ती किती हवी आणि कुणाला हवी, एवढेच ठरवायचे असते.

गोफणीचे गाव

आमचे बिडकीन छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना साधारण अर्ध्या वाटेवर लागते. माझ्या लहानपणी गावाबाहेर पडले की दोन्ही अंगांना ज्वारी, बाजरी आणि कापूस. ज्वारीत दाणा भरू लागला की शेतात माळा उभा राहायचा आणि माळ्यावर घरातले एखादे पोर. हातात गोफण, शेजारी खड्यांचा ढीग. दिवसभर ‘हो ऽ हो ऽ’ करून पाखरे उठवायची हे त्याचे काम.

ही गोफण आम्हाला कुणी नुसती हातात दिली नाही. आधी रिकामी फिरवायला लावली. मग मातीचे ढेकूळ. दगड शेवटी. आणि दगड सोडण्याआधी शेजारच्या माळ्यावर कोण आहे ते पाहा, हे कानीकपाळी ओरडून सांगितले. शिवाय गोफण पाखरू मारण्यासाठी नव्हती, उठवण्यासाठी होती. नेम धरणे, पलीकडे पाहणे आणि हात आवरणे हे तिन्ही धडे आमच्या पिढीने माळ्यावरच गिरवले.

आता ते माळे दिसत नाहीत. गावालगतची पुष्कळ जमीन उद्योगनगरीत गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्राचे लोकार्पणही झाले. गोफण गेली, पण नेम धरण्याची पोरांची हौस कुठे जाते? ती मोबाईलमध्ये जाऊन बसली. माझा बारा वर्षांचा नातू त्या खेळात एका बैठकीला वीस-पंचवीस माणसे सहज लोळवतो आणि मग ‘आजी, भूक लागली’ म्हणून उठतो. त्या खेळात मेलेला माणूस पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो. मला काळजी वाटली ती नेमकी याची. ज्याचे परिणाम भोगावे लागत नाहीत अशी बंदूक त्याच्या हातात आधीच आली होती. खरी बंदूक त्यानंतर यायची होती.

वडिलांची अट

बंदूक घरात आली ती १९८८ साली. मी तेव्हा पाटबंधारे खात्यात मोजणीच्या कामावर होतो. चिरंजीव अकरा वर्षांचे आणि कन्या आठ वर्षांची. पैठणच्या नाथषष्ठीच्या जत्रेत फुगे फोडून दोघांनाही चटक लागली होती. तिथल्या बंदुकीने फुगा फुटणे हा बराचसा नशिबाचा भाग. तेव्हा घरीच नीट शिकवावे असे मी मनात घेतले.

माझे वडील तेव्हा हयात होते. त्यांच्या पिढीला बंदूक म्हटले की जत्रा आठवत नसे. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, रझाकारांचे दिवस त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात सामील होईपर्यंत, रस्त्यावर बंदूकवाला दिसला की घराचे दार आतून लागायचे. मी बंदूक आणल्याचे पाहून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ठेव. पण एक सांगतो. रिकामी बंदूक नसतेच. चेष्टेतसुद्धा कुणावर धरायची नाही. ज्या दिवशी धरली, त्या दिवशी ती विहिरीत.”

विहिरीचे ते वाक्य त्यांनी अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावे तसे उच्चारले होते. म्हणूनच ते आम्हा सर्वांना खरे वाटले.

दुसरी अट मी घातली: पाखरावर नाही. ही मात्र चिरंजीवांना पटली नाही. परसात पेरूचे झाड होते आणि पेरू पाडाला आला की पोपटांची झुंबड उडे. “मग शिकायची तरी कशाला?” त्याने विचारले. मी म्हणालो, “पेरू पुढच्या वर्षी पुन्हा येतील. पोपट पडला तर तोच पुन्हा येणार नाही.” वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा आहे, पाखरे मारणे हा गुन्हा आहे, हेही सांगितले, पण अकरा वर्षांच्या मुलापुढे कायद्याचे काय चालते? तो रुसला आणि त्याने क्रिकेटची बॅट धरली. बंदूक राहिली ती कन्येकडे. पुढे कॉलेजात तिने एन.सी.सी. घेतली, तेव्हा रायफल खांद्याला कशी लावायची हे तिला कुणी सांगावे लागले नाही. चिरंजीवांच्या मनात मात्र पेरूच्या झाडाचा राग बरीच वर्षे होता, हे मला ठाऊक आहे. वडील म्हणून तो पत्करावा लागतो.

सूनबाईंची हरकत

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत नातू आणि नऊ वर्षांची नात बिडकीनला आली, तेव्हा मी माळ्यावरून ती जुनी पेटी उतरवली. पहिली हरकत आली सूनबाईंची. त्या शहरात डोळ्यांच्या दवाखान्यात काम करतात. दरवर्षी दिवाळीत फटाक्यांनी डोळे गमावलेली मुले त्यांच्यासमोर येतात.

“अण्णा,” त्या म्हणाल्या, “दात पडला तर दुसरा बसवता येतो. डोळा नाही. तुम्ही सांभाळाल हे मला माहीत आहे. पण तुम्ही दुपारी झोपता.”

या शेवटच्या वाक्यापुढे माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण ते खरे होते. मग आम्ही दोघे ओसरीवर बसलो आणि एक तह केला. बंदूक लोखंडी कपाटात कुलपात राहील, तिची किल्ली माझ्याकडे. छर्र्यांची डबी वेगळ्या कुलपात राहील, तिची किल्ली आजीच्या कमरेला. दोघे हजर असल्याखेरीज धडा नाही. परसात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर जाड संरक्षक चष्मा, बघणाऱ्याच्यासुद्धा. आणि छर्रे शिशाचे असतात, म्हणून धडा चालू असताना खाणेपिणे बंद, संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कुणी स्वयंपाकघरात येणार नाही. ही शेवटची कलमे आमच्या हिने घातली आणि ती आजवर काटेकोर पाळली गेली आहेत.

वाचकांपैकी कुणी या नादी लागणार असेल तर त्याने आणखी एक ध्यानात ठेवावे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या, नेहमीच्या ४.५ मिलिमीटर छर्र्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणे झाले असे नव्हे. ती मोठ्या माणसाने ओळखपत्र दाखवून घ्यावी, पावती जपून ठेवावी आणि शंका असल्यास आपल्या पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे.

परसातली शाळा

ही बंदूक चालते कशी? दारू नाही, आग नाही. नळी मधोमध मोडून खाली वाकवली की आतली जाड स्प्रिंग दबते आणि दट्ट्या मागे जाऊन अडकतो. नळीच्या तोंडाशी छर्रा बसवायचा. तो डमरूसारखा, कमरेत बारीक असतो. नळी सरळ केली आणि चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, कोंडलेली हवा छर्र्याला ढकलते. छर्रा सेकंदाला शंभर-दीडशे मीटर वेगाने निघतो. जवळून तो कातडीत घुसू शकतो. डोळ्याचे तर विचारूच नका. परदेशात मुलांच्या बंदुकांत पुष्कळदा पोलादी गोळ्या घालतात. त्या कठीण वस्तूवर आपटून उलट्या फिरतात, म्हणून आमच्या घरी त्यांना मज्जाव आहे.

परसाच्या टोकाला आमची जुनी पांढऱ्या मातीची भिंत आहे, हात-दीड हात जाड. तिच्यापुढे रद्दी घट्ट ठासून भरलेले लाकडी खोके आणि खोक्यामागे दोरीवर सैल टांगलेली जुनी वाकळ. चुकार छर्रा भिंतीच्या आधी वाकळीतच मरतो. खोक्यापासून दहा मीटरवर, म्हणजे सुमारे तेहतीस फुटांवर, मी चुन्याची रेघ ओढली. मोजणीच्या कामावर आयुष्य गेल्यामुळे ती टेपने तीनदा मोजली. परसाला येणारे दार आतून कडी घालून बंद.

पहिले सहा दिवस छर्रा नाही. पोरांचे चेहरे पाहण्यासारखे झाले! पण गोफण आधी रिकामी फिरवतात, हा आमच्या गावचा शिरस्ता. बंदूक हातात घ्यायची ती नळी खोक्याकडे ठेवूनच. बोट चापाबाहेर, सरळ. मी ‘थांबा’ म्हटले की कुठल्याही क्षणी बंदूक खाली, नळी खोक्याकडेच. स्प्रिंगची बंदूक छर्र्याशिवाय उडवली तर दट्ट्या आपटून खराब होतो, म्हणून स्प्रिंग न दाबताच सगळी कवायत. नळी मोडण्याचे काम पुढेही माझ्याकडेच राहिले. त्याला बळ लागते, आणि अर्धवट मोडलेली नळी हातातून सुटली तर बोटे चेचतात.

चौथ्या दिवशी नातवाने ती रिकामी बंदूक खांद्याला लावली आणि गर्रकन वळून बहिणीवर रोखली. तोंडाने ‘ठो!’ केले. मोबाईलमध्ये करतात अगदी तसे.

मी बंदूक घेतली, कपाटात ठेवली, कुलूप लावले. “रिकामी होती आजोबा! तुम्हीच तर दिली रिकामी!” तो रडवेला झाला. मी सांगितले, “रिकामी बंदूक नसतेच. आता दिवाळीच्या सुटीत.” उन्हाळ्याच्या सुटीचे बावीस दिवस शिल्लक होते. संध्याकाळी शहरातून चिरंजीवांचा फोन आला. “अण्णा, लहान आहे तो. इतकं काय!” मी ऐकून घेतले. रात्री हीदेखील म्हणाली, नातवंडे वर्षातून दोनदा येतात, त्यात हा अबोला कशाला? बावीस दिवस पोर माझ्याशी कामापुरते बोलले. माझ्या वयाच्या माणसाला बावीस दिवस म्हणजे काही थोडे नव्हेत. पण किल्ली मी काढली नाही. नातीचा धडाही थांबवला नाही. ती रोज चष्मा लावून जात होती आणि तो ओसरीवरून पाहत होता. हे त्याला सर्वांत जड गेले असावे.

नेम म्हणजे काय?

नातीला मी स्टुलावर वाळूची मऊ पिशवी ठेवून बसून नेम धरायला शिकवले. नळीच्या टोकावर जो बारीक खुंट असतो त्याला माशी म्हणतात. मागच्या खाचेत ती मधोमध यावी आणि दोन्ही बाजूंना सारखाच उजेड दिसावा. नजर माशीवर, लक्ष्य किंचित धूसर दिसले तरी चालेल. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचे आणि चाप ओढायचा नाही, हळूहळू दाबायचा. छर्रा गेल्यावरही क्षणभर तसेच राहायचे. आठ सेकंदांत जमले नाही तर बंदूक खाली घेऊन पुन्हा श्वास घ्यायचा. हे ‘खाली घेणे’ ज्याला जमले त्याला पुढचे सगळे जमते.

पाच छर्रे झाले की कागद आणायचा. इथे एक फार मोलाची गोष्ट आहे. पाचही छर्रे एकमेकांना चिकटून पडले, पण वर्तुळाच्या डावीकडे, तर दोष बंदुकीच्या माशीचा. ती सरकवावी, मुलाला बोलू नये. पाचही विखुरले तर हात अजून बसायचा आहे. पुष्कळ आईबाप डावीकडे पडलेल्या छर्र्यांबद्दल मुलालाच रागावतात, आणि हे केवळ बंदुकीपुरते खरे नाही. नातीचे पाच छर्रे तिसऱ्या आठवड्यात दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकले गेले. तो कागद तिने आईला पाठवला. सूनबाईंचा फोन आला. त्यांनी आधी विचारले, “चष्मा होता ना?” आणि मग म्हणाल्या, “छान आहे.”

याच दहा मीटरच्या अंतरावर जगातली मोठमोठी माणसे उभी राहतात हे मी मुलांना सांगत असतो. दहा मीटर एअर रायफल हा प्रकार १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. लक्ष्याच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर असतो, टाचणीने टोचावा एवढा. आपल्या अंजली भागवत मुंबईत कॉलेजात असताना एन.सी.सी.तून या खेळात आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्यूनिखला जगज्जेत्या झाल्या. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला याच दहा मीटरवर सुवर्णपदक घेतले. त्याच्या घरीच सरावाची जागा बांधलेली होती. तेव्हा घरच्या शाळेला अगदीच नावे ठेवू नयेत! आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला पन्नास मीटरच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले गेले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कांबळवाडीही काही फार मोठे गाव नाही, शिक्षकाचा मुलगा आहे तो. हे मी सांगतो ते नातवंडांनी पदके आणावीत म्हणून नव्हे. अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यासाठी माणूस किती वेळ नुसता स्थिर उभा राहतो, हे त्यांना कळावे म्हणून.

दिवाळीची सुटी

दिवाळीत सगळे आले. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान, फराळ झाला आणि नातू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. काही मागितले नाही. नुसता उभा. मी हिच्याकडे पाहिले. हिने कमरेची किल्ली काढली, मी माझी काढली.

पहिले दोन दिवस पुन्हा बिनछर्र्याची कवायत. तो एक अक्षर बोलला नाही. तिसऱ्या दिवशी, पाडव्याला, चिरंजीव परसात आले. चष्मा घातलेला होता. “अरे, हीच ती!” म्हणत त्यांनी स्टुलावरची बंदूक उचलली. पस्तीसहून अधिक वर्षांनी हातात घेतली होती, आनंद होणारच. दस्त्यावरून हात फिरवला आणि ‘किती हलकी वाटते आता’ असे म्हणत ते ओसरीकडे वळले. नळी त्यांच्याबरोबर वळली. ओसरीवर सूनबाई फराळाची ताटे आवरत होत्या.

“बाबा, थांबा! नळी खोक्याकडे!”

आवाज नातवाचा होता. मोठा नव्हता, पण त्यात गंमत नव्हती. चिरंजीव जागच्या जागी थांबले आणि नळी खोक्याकडे वळवून बंदूक स्टुलावर ठेवली.

“रिकामी आहे रे,” ते म्हणाले.

“रिकामी नसतेच,” पोर म्हणाले.

चिरंजीव माझ्याकडे पाहू लागले. मग म्हणाले, “हे आजोबांचं वाक्य आहे. विहिरीचंही सांगितलंत का याला?” मी म्हटले, नाही, विहीर अजून राखून ठेवली आहे. ते हसले. त्या दिवशी बापलेकांनी मिळून दहा छर्रे मारले. बापाचे विखुरले, लेकाचे थोडे कमी विखुरले. पेरूच्या झाडाचा विषय निघाला नाही. ते झाड आता नाहीच.

संध्याकाळी सूनबाई परसात आल्या. चष्मा लावला, रेघेवर बसल्या, एकच छर्रा मारला. तो कागदाला लागलाही नाही, वाकळीत गेला. उठताना त्या म्हणाल्या, “अण्णा, मला अजूनही ही बंदूक आवडत नाही.” मी म्हटले, “आवडू नयेच.” तहाची कलमे जशीच्या तशी कायम आहेत.

आपल्या घरी हे शिकवावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्या घरात दोन कुलपे होणार नाहीत, मागे जाड भिंत नाही किंवा ‘थांबा’ म्हटल्यावर थांबण्याची मुलांना सवय नाही, त्या घराने निखालस कॅरम आणावा. पण ज्यांना आणायची आहे त्यांनी बंदुकीच्या आधी कुलूप आणावे. आमची नात आता शहरात नेमबाजीची नीट शिकवणी कुठे मिळेल याची चौकशी करते आहे. ती मिळाली तर माझी शाळा तिच्यापुरती संपेल. नातू मात्र विचारत होता, उन्हाळ्यात येतो तेव्हा पहिले सहा दिवस पुन्हा बिनछर्र्याचेच का? मी सांगितले आहे की, हो.